चिखलात रुतलेली पिकअप आणि कलम 52

माझ्या एका मित्राकडे आजोबांची 1974 ची जीप पिकअप आहे. भोरच्या पुढे, गावी असते. रंग उडालाय, हौद्याला दोन ठिकाणी वेल्डिंगची ठिगळं आहेत, पण सेल्फ मारला की अजूनही चालू होते. प्रॉब्लेम एकच, इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. जुलैत भातखाचरांकडे जाणारा रस्ता म्हणजे नुसता राडा. मागची चाकं जागच्या जागी फिरतात, पुढची पाहुण्यासारखी बसून राहतात आणि मग पाच जण उतरून ढकलतात. गेल्या पावसाळ्यात ढकलणाऱ्यांत मीही होते. जीन्स गेली ती गेलीच.

म्हणून त्याला ती फोर बाय फोर करायचीय. ‘थार घे ना’ असा सल्ला सगळे देतात, पण दहा लाखांच्या पुढचा आकडा ऐकून घरचे हसतात. शिवाय गाडी आजोबांची आहे.

आम्ही एका मिस्त्रींकडे गेलो. माणूस हुशार. खडूने जमिनीवर गाडी काढून सगळं समजावलं. पुढचा एक्सल आत्ता नुसता आधाराला आहे. तो काढून डिफरन्शिअल असलेला एक्सल बसवायचा. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस लावायचा, म्हणजे ताकद पुढेमागे वाटली जाईल. त्यातून पुढच्या एक्सलपर्यंत आणखी एक जॉइंट टाकायचा. जुने पार्ट भंगार बाजारात किंवा मिलिटरी डिस्पोजलमध्ये मिळतात. पुढच्या-मागच्या क्राउन-पिनियनचा रेशो मात्र जुळलाच पाहिजे, नाहीतर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडत बसतात आणि शेवटी काहीतरी तुटतं.

इथपर्यंत मी फुल इम्प्रेस. मग मी ब्रेकचं विचारलं. वजन वाढणार, गाडी उंच होणार, नव्या एक्सलचे ड्रम वेगळे, मग ब्रेकचे पाइप, स्टिअरिंगचे रॉड? ‘ते नंतर बघू ताई.’ आणि आरसी बुक? ‘खाली वाकून कोण बघतंय?’

माझा मुद्दा याच दोन उत्तरांबद्दल आहे. फोर व्हील ड्राइव्हमुळे गाडी चिखलातून निघते, थांबायला मात्र त्याची काहीच मदत होत नाही. ब्रेक आणि स्टिअरिंग तिसऱ्या माणसाने तपासायला हवेत, पण असा तिसरा माणूस आपल्याकडे नाही, कारण हे काम मुळात चोरूनच करावं लागतं.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ रचनेशी जुळणार नाही, असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गंमत म्हणजे त्याच दुरुस्तीने केंद्र सरकारला रेट्रोफिटचे नियम ठरवायचा अधिकारही दिलाय. सीएनजी किट आपण बसवतोच की! इलेक्ट्रिक किटलाही मंजुरी मिळते. किट तपासलं जातं, मान्यता असलेल्या ठिकाणी बसवलं जातं, आरसीवर नोंद होते. वेताळ टेकडीवर फिरायला जाताना आपण ज्या एआरएआयच्या बाजूने जातो, ती अशीच तपासणी करणारी संस्था. मग पेट्रोलच्या गाडीत गॅसची टाकी बसवणं तपासता येतं, तर पुढचा एक्सल का नाही?

अमेरिकेत हा प्रश्न आपल्या आजोबांच्या तरुणपणीच आला होता. तिथल्या शेतकऱ्यांकडे, खाणवाल्यांकडे शेवर्ले आणि फोर्डचे टू व्हील ड्राइव्ह पिकअप होते आणि रस्ते आपल्यासारखेच. मार्मन-हेरिंग्टन ही इंडियानापोलिसची कंपनी 1930 च्या दशकापासून फोर्डचे ट्रक फोर बाय फोर करून द्यायची. मग मिनिआपोलिसच्या नॅपको कंपनीने तयार किटच काढलं. एक्सल, ट्रान्सफर केस, जॉइंट, ब्रॅकेट, सगळं एकत्र आणि ठरलेल्या मॉडेलसाठी मोजून बनवलेलं. ट्रक विकायचा झाला तर किट काढून पुढच्या ट्रकला लावता यायचं. ते इतकं चाललं की 1957 मध्ये शेवर्लेने नॅपकोचं किट फॅक्टरीतच बसवून द्यायला सुरुवात केली. फोर्डने 1959 मध्ये स्वतःचा फोर बाय फोर पिकअप आणला, पुढच्याच वर्षी शेवर्लेनेही. म्हणजे गॅरेजमधली कल्पना आधी किट झाली आणि मग कंपनीचं मॉडेल. आज तिकडे जुना नॅपकोवाला शेवर्ले साध्यापेक्षा जास्त भाव खातो.

आपल्याकडे उलटं आहे. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरची खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही आणि रोजच्या वापराला ती रस्त्यावर आणायची नाही. म्हणजे शोभेला ठेवलीत तर सन्मान, शेतात राबवलीत तर नाही. मला स्वतःला राबणारी गाडी जास्त आवडते, पण ते असो.

‘मग रील्सवाल्यांचं काय?’ असं कोणी विचारेल. बरोबर आहे. ट्रॅक्टरएवढे टायर, डोळे दिपवणारे लाइट आणि कधीही चिखल न पाहिलेली जीप घेऊन एफसी रोडवर फिरणाऱ्यांना पावती फाडायलाच हवी. सुप्रीम कोर्टाची काळजीही खोटी नाही, बिघडलेल्या गाडीखाली येणारा माणूस तिसराच असतो. पण सरसकट बंदीने गाड्या बदलायच्या थांबल्यात का? कुठल्याही ऑफरोड ग्रुपच्या पिकनिकला जाऊन बघा. थांबलंय ते फक्त तपासणं. जो प्रामाणिकपणे आरटीओत जाऊन विचारतो त्याला ‘नाही’ मिळतं आणि जो विचारत नाही त्याचं काम होऊन जातं. मला पाहिजे ती एक साधी वाट. ठरावीक मॉडेलसाठी मान्य किट, ब्रेक-स्टिअरिंगची सक्तीची चाचणी, नवीन वजनाची आरसीवर नोंद. फी घ्या, वर्षाला पुन्हा तपासा, हरकत नाही.

आणि हो, प्रत्येकाला फोर बाय फोर लागतंच असंही नाही. मित्राचे आजोबा पावसाळ्यात हौद्यात वाळूची दोन पोती टाकायचे. मागच्या चाकांवर वजन आलं की ती बऱ्यापैकी धरतात. गेल्या महिन्यात आम्हीही करून पाहिलं. पहिला राडा पार झाला. दुसऱ्यात, ओढ्याजवळ, पोत्यांसकट रुतलो.

हौसेने आधीच घेऊन ठेवलेला एक्सल त्याच्या अंगणात पडून आहे, त्यावर कोंबड्या बसतात. मिस्त्रींचा दर रविवारी फोन येतो, ‘कधी आणताय गाडी?’ घरचा इन्शुरन्स एजंट म्हणतो, करू नकोस, क्लेम अडकेल. मित्र दोघांनाही ‘बघतो’ म्हणतो.