मधल्या नावातला बाप

मावळातल्या एका बँकेच्या शाखेत मी काही वर्षे काढली. इंदुरीच्या बाजूच्या एक बाई तिथे येत. नवरा कामाला म्हणून घराबाहेर पडला तो परतलाच नाही. खात्यात थोडे पैसे होते. पण मृत्यूचा दाखला नाही म्हणून वारस नाहीत, आणि सहीला माणूस नाही म्हणून पैसेही नाहीत. मी नियमाप्रमाणे नकार दिला. बाईंनी एवढेच विचारले, "सायेब, अर्जावर माझ्या नावामागं सौ. लावायचं का श्रीमती?" त्या प्रश्नाला बँकेच्या पुस्तकात नियम नव्हता.

सात वर्षे आपल्या माणसांना ज्याची खबर नाही, तो मेला असे कायदा गृहीत धरतो. १८७२च्या पुरावा कायद्यातली ही तरतूद २०२४मध्ये लागू झालेल्या नव्या कायद्यातही कायम आहे. तिथी ठाऊक नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावस्याही आहे. पण पान वाढण्याआधी 'तो गेला' हे मनाने कबूल करावे लागते. त्याला मुदत कोण घालणार? शिवाय आपल्याकडे बाप मुलाच्या नावातच मधोमध बसलेला! घर सोडून गेलेला माणूस शाळेच्या हजेरीत रोज हजर असतो.

या विषयावर मी कादंबरी लिहायला घेतली. पहिल्या खर्ड्यात शेवटी बाप सापडत होता. तो खर्डा मी फाडला, त्याला कारण इंद्रायणी. इंदुरीच्या किल्ल्याजवळून ती पुढे देहूला जाते. १६५०मध्ये तुकोबा गेले, तेव्हा नारायण आईच्या पोटात होता, असे परंपरा सांगते. बाप न पाहिलेल्या त्याच मुलाने १६८५मध्ये बापाच्या पादुका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली. वैकुंठाची चर्चा आपण पुष्कळ केली. आवलीच्या घरात मागे काय उरले, याची फारशी केली नाही.

प्रत्येक घराला अशा पादुका मिळत नाहीत. म्हणूनच, बाप कुठे गेला यापेक्षा मागे राहिलेल्यांचे काय झाले, ते कोण झाले, हे कादंबरीने विचारावे, असे मला वाटते. बाप सापडला की लेखक सुटतो; घर सुटत नाही.

त्या बाईंनी पुढे स्वतःचे खाते उघडले. अर्जावर सौ. नव्हते, श्रीमतीही नव्हते. नुसते नाव, आणि खाली नव्याने शिकलेली, थरथरती सही. माझी कादंबरी आता त्या सहीपासून सुरू होते.