चार राउंड आणि नऊ मीटर

दहा किलोमीटरचं मेडल आता कुणाकडेही असतं. क्युबिकलमध्ये, कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलेलं. हाफ मॅरेथॉनवाले थोडा जास्त भाव खातात, फुलवाल्यांशी तर बोलायचीच सोय नाही. अशा दिवसांत रनिंग क्लबने ‘या महिन्यात फक्त एक मैल पळा’ असं चॅलेंज टाकलं की पहिली रिअॅक्शन ठरलेली असते. बस, एवढंच?

हो, एवढंच. एक मैल म्हणजे १६०९ मीटर आणि वर काही सेंटीमीटर. अटी दोनच. रस्त्यावर नाही, ट्रॅकवर पळायचं. आणि एकाच नाही, दोन गावांच्या ट्रॅकवर पळून दोन्ही टायमिंग लिहून द्यायचे. नांदेडच्या टोळक्याने दुसरं गाव म्हणून लातूर निवडलं, यात नवल काही नाही. २००९ मध्ये विभागीय आयुक्तालय नांदेडला करायचं ठरलं तेव्हा लातूर रस्त्यावर उतरलं होतं. तेव्हापासून या दोन गावांत कुठल्याही गोष्टीवरून मॅच लागू शकते. शनिवारी संध्याकाळी लोहा, अहमदपूर करत लातूर गाठायचं, रविवारी पहाटे पळायचं आणि मग गरमागरम सुशीला हाणून परत. प्लॅन सॉलिड होता.

मैलाची गंमत अशी की तो ना इकडचा ना तिकडचा. पूर्वी इंग्रजांच्या देशात ट्रॅक ४४० यार्डांचा असायचा, त्यामुळे बरोबर चार राउंड मारले की मैल पूर्ण. पुढे ट्रॅक ४०० मीटरचा झाला आणि मैलाला ९ मीटर ३४ सेंटीमीटरचं शेपूट लागलं. म्हणून मैल पळताना फिनिशच्या रेषेच्या नऊ मीटर मागे उभं राहून सुरुवात करायची. बाकी सगळी धावण्याची शर्यत मीटरमध्ये गेली, पण जागतिक विक्रमांच्या यादीत मैलाची जागा कुणी काढली नाही. मोरोक्कोच्या हिशाम एल गेरूजने १९९९ मध्ये रोमला ३ मिनिटं ४३.१३ सेकंदांचा विक्रम केला, तो अजून तसाच आहे.

आणि मैल म्हटलं की रॉजर बॅनिस्टर आलाच. ६ मे १९५४, ऑक्सफर्डचा ट्रॅक, ३ मिनिटं ५९.४ सेकंद. चार मिनिटांच्या आत मैल पळणारा पहिला माणूस. ही स्टोरी मोटिव्हेशनवाल्या सरांनी इतकी उगाळली आहे की कंटाळा यावा. पण तिच्यातली आपल्या कामाची गोष्ट ते सांगतच नाहीत. बॅनिस्टर फुलटाइम धावपटू नव्हता, मेडिकलचा विद्यार्थी होता. लंच अवरमध्ये जवळच्या पॅडिंग्टनच्या मैदानावर जायचा, ४४० यार्डांचे राउंड जोरात मारायचा, मधे दोन मिनिटं दम घ्यायचा आणि परत हॉस्पिटल. शर्यतीच्या दिवशीसुद्धा सकाळी ड्यूटी करून दुपारच्या ट्रेनने तो ऑक्सफर्डला गेला. ‘टाइम कुठंय यार’ म्हणणाऱ्यांनी हा भाग जरा दोनदा वाचावा.

आता मैदानाकडे येऊ. पहाटे पाच-सव्वापाचला आपण अख्ख्या गावातले एकमेव शूर अशा थाटात शिरावं, तर आत आधीच पन्नास-साठ पोरं घामाघूम झालेली असतात. नांदेड असो की लातूर, सीन तोच. काहींच्या पायांत स्पाइक्स, काहींचे बूट अंगठ्यापाशी फाटलेले, काही अनवाणी. एका कोपऱ्यात गोळा टाकणं चाललेलं, दुसऱ्या कोपऱ्यात शंभर मीटरचे स्टार्ट. पोरींचा ग्रुप वेगळा, आणि गेटपाशी मोटरसायकलला टेकून कुणाचा तरी भाऊ नाही तर वडील उभे. अंधारातून शिटी वाजते आणि दहा-बारा जणांचा घोळका तुमच्या अंगावरून वाऱ्यासारखा जातो.

ही भरतीची पोरं. क्लबने ‘हटके’ म्हणून जे अंतर शोधून काढलं, ते यांचं रोजचं. इथे त्याला मैल कुणी म्हणत नाही. इथे ते ‘सोळाशे’ असतं.

पोलीस शिपाई भरतीचं गणित असं आहे. मैदानी चाचणी ५० गुणांची, पोरांच्या भाषेत ‘ग्राउंड’. पुरुषांना १६०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. महिलांना १६०० ऐवजी ८०० मीटर. एसआरपीएफला मात्र पाच किलोमीटर आहेच. ग्राउंडला निम्मे गुण मिळाले तर पुढे, आणि त्यातूनही एका जागेला दहा जण या हिशोबाने लेखीला बोलावणार. सोळाशे मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत किंवा त्याच्या आत आले तर २० पैकी २०. त्यापुढे ५ मिनिटं ३० सेकंदांपर्यंत १८. सैन्यभरतीतही बरीच वर्षं हेच अंतर आहे, १.६ किलोमीटर. तिथे साडेपाच मिनिटांच्या आत ६० गुण, आणि ५ मिनिटं ३१ सेकंद झाले की ४८. एका सेकंदाला बारा गुण! आपल्या अप्रेझलमध्येसुद्धा एवढा अन्याय होत नाही.

२०२४ च्या पोलीस भरतीत राज्यभरात १७ हजार ४७१ जागा होत्या. अर्ज आले साडेसतरा लाखांच्या वर. म्हणजे एका जागेमागे शंभर. लेखीत सगळे जवळजवळ आलेले असताना ग्राउंडचे दोन गुण काय करतात, हे लातूर पॅटर्नच्या गावात वेगळं समजावून सांगायला नको. त्यात स्टॉपवॉचपेक्षा मोठं घड्याळ वयाचं. खुल्या प्रवर्गाला २८, मागासवर्गीयांना ३३. भरती निघते तेव्हा निघते. मधे कोरोनाने वर्षं खाल्ली, मग वयात सूट मिळाली, तो भाग वेगळा. पण पोराचं वय कोणत्याही परिपत्रकासाठी थांबत नाही.

गावाकडून येऊन खोली करून राहिलेली ही पोरं. चार जणांत एक खोली, सकाळी ग्राउंड, दुपारी अभ्यासिका, संध्याकाळी पुन्हा ग्राउंड. लातूरजवळ बाभळगावला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. त्या गेटमधून आत जायचं म्हणजे काय, हे या पोरांना सांगावं लागत नाही. आणि नजरेसमोर उदाहरणही आहे, मराठवाड्याचंच. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. शेतकऱ्याचा मुलगा, बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंट, सियाचिनची ड्यूटी, आणि स्पर्धेचं धावणं सुरू झालं तेही सैन्यातच. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं रौप्य, २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिकची फायनल. त्याने २०२३ मध्ये ५००० मीटर १३ मिनिटं १९.३० सेकंदांत मारले होते, तेव्हाचा तो राष्ट्रीय विक्रम होता. भागाकार करून बघा. सरासरी एक मैल ४ मिनिटं १७ सेकंद, आणि असे तीन मैल सलग, वर अजून थोडे. क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठ मिनिटांच्या मैलाला अंगठ्यांचा पाऊस पडतो, तेव्हा हा आकडा जरा शेजारी ठेवावा.

या पोरांकडून शिकण्यासारखं भरपूर आहे, आणि फुकट. आपल्यातला एक जण, बँकेतला, पहिल्याच राउंडला सुसाट सुटला होता. बाजूने पळणारं एक पोरगं न थांबता बोललं, “सर, पयल्या राउंडला एवढं काहून पळूलालाव? तिसरा राहिलाय की अजून.” पूर्ण कोचिंग दोन वाक्यांत. मैलाचा सगळा लोच्या तिसऱ्या राउंडला असतो. पहिल्याला उत्साह असतो, दुसऱ्याला जरा लय सापडते, चौथ्याला शेवट दिसतो. तिसऱ्याला काहीच नसतं, फक्त छातीत भाता आणि ‘ही आयडिया कुणाची होती’ हा प्रश्न. बॅनिस्टरचेही राउंड बघा. ५७.५, ६०.७, ६२.३ आणि ५८.९ सेकंद. सर्वांत हळू तिसराच. आठ मिनिटांचा मैल हवा असेल तर प्रत्येक राउंड दोन मिनिटांना किंचित आत यायला हवा. पहिला दीड मिनिटात मारून काही कमाई होत नाही, ते उधार असतं आणि तिसऱ्या राउंडला व्याजासकट वसूल होतं.

आता जरा भांडणाचा मुद्दा.

मैदानावर पहाटे तीन प्रकारची माणसं असतात. भरतीवाले, क्लबवाले आणि वॉकवाले. वॉकवाले काका-काकू चौघे-पाच जण आडवी साखळी करून, गप्पा मारत, बरोबर आतल्या कडेने चालतात. क्लबवालेही काही कमी नाहीत. फोटोसाठी फिनिशच्या रेषेवर उभे, स्ट्रेचिंग पहिल्या लेनमध्ये, आणि सेल्फी तर कुठेही. भरतीचं पोरगं येतं, ‘साइड, काका, साइड’ ओरडतं आणि बाहेरून वळसा घालून जातं. तोंडाने कुणाला काही बोलत नाही. ग्राउंडवर आपल्याला हक्क आहे की उपकार म्हणून येऊ देतात, हेच त्याला नक्की नसतं.

त्या वळशाचा हिशोब करू. लेनची रुंदी १ मीटर २२ सेंटीमीटर. पहिली लेन ४०० मीटरची, तर दुसऱ्या लेनमधून एक राउंड मारताना साडेसात मीटरपेक्षा जास्त पळणं होतं. चार राउंडला तीस मीटर. ५ मिनिटं १० सेकंदांच्या वेगाने हे तीस मीटर म्हणजे जवळपास सहा सेकंद. तिसऱ्या लेनमधून पळायला लागलं तर बारा. गुणांचा टप्पा वीस सेकंदांचा आहे, हे लक्षात घ्या. ज्याचं खरं टायमिंग ५ मिनिटं ६ सेकंद आहे, त्याच्या हातातलं घड्याळ रोज ५ मिनिटं १२ दाखवतं आणि तो स्वतःला अठरा गुणांचा समजून झोपतो. मग कुणी तरी गोळी नाही तर इंजेक्शन सुचवतं. साखळीत मधेच घुसताना पाय मुरगळला तर ती भरतीच गेली.

म्हणून क्लबवाल्यांना, म्हणजे आपल्यालाच, थेट सांगणं आहे. पहाटे पाच ते साडेसहा आतली लेन त्यांची. टायमिंग लावून पळत असाल तर आत या, मागून कुणी ओरडलं तर बाहेर व्हा. वॉर्म अप, कूल डाउन, गप्पा, फोटो, सगळं बाहेरच्या कडेला. वॉकवाल्यांनाही हेच प्रेमाने सांगा. ज्या ट्रॅकला आठ लेन आहेत तिथे आठव्या लेनमधून एक राउंड म्हणजे ५३ मीटर जास्त. डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल तर तोटा कुठे आहे? क्रीडा कार्यालयाने एक पाटी लावली तर उत्तमच. पण पाटीची वाट बघायला आपण काय तिकीट काढून आलोय का?

पळण्याआधी दोन-तीन गोष्टी. मैदान खरंच ४०० मीटरचं आहे का, ते टेप लावून नाही तर तिथल्या कोचला विचारून खात्री करून घ्या. बऱ्याच मैदानांवर राउंड दोनशेचा नाही तर तीनशेचा असतो, आणि फक्कीच्या रेषा स्पर्धा असेल तेव्हाच दिसतात. जीपीएसच्या घड्याळावर भिस्त नको, वळणांवर ते मनाचं मोजतं. थंडीत केव्हाही पळा, पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे सात वाजताच ऊन टोचायला लागतं, तेव्हा सूर्य उगवायच्या आत आटपा.

आणि सहा महिने खुर्चीत बसून एकदम जीव तोडून मैल मारू नका. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्यात काही उमेदवारांचा जीव गेला होता, त्यानंतर अंतर तीन किलोमीटरवर आणलं गेलं. ती विशीतली, महिनोन्‌महिने तयारी केलेली पोरं होती. आपण तर सकाळचा चहा आणि रात्रीची बिर्याणी यांच्यामध्ये कुठे तरी आहोत. आधी तीन-चार आठवडे सावकाश पळा, मग आठवड्यातून एकदा चारशेचे चार राउंड जरा जोरात, मधे दोन-दोन मिनिटं चालत. छातीत काही वेगळं वाटलं तर तिथेच थांबा. घरात कुणाला हार्टचा त्रास असेल तर आधी डॉक्टरकडे जाऊन या.

नांदेडचे टायमिंग लिहून झालेत, लातूरचा रविवार ठरलाय. राउंड मोजायला एक माणूस बरोबर न्या. तिसऱ्या राउंडनंतर किती झाले, हे पळणाऱ्याला विचारण्यात काही अर्थ नसतो. आणि घड्याळ लावणारं कुणी मिळालं नाही, तर तिथल्याच एखाद्या पोराला सांगा. तो तुमचं टायमिंग दशांशासकट सांगेल. फक्त त्याचा स्वतःचा सोळाशे संपेपर्यंत थांबा.