राणी म्हटलं की झालं?

मालिनी फोन्सेका हे नाव वाचून कुणालाही वाटेल, ही बाई गोव्याची असावी. मालिनी तर आपल्या घराघरातलं नाव. आणि फोन्सेका आडनाव, पोर्तुगीज ज्या ज्या किनाऱ्याला लागले तिथे मागे राहून गेलेलं. पण या मालिनीबाई श्रीलंकेच्या. जन्म ३० एप्रिल १९४७ चा. २४ मे २०२५ रोजी त्या गेल्या, तेव्हा कोलंबोत शासकीय इतमामात त्यांना निरोप दिला गेला. सगळीकडे एकच मथळा होता, ‘सिंहली सिनेमाची राणी गेली’.

मैत्रिणींनो, माझं भांडण आहे ते या ‘राणी’ शब्दाशी. एखाद्या बाईला राणी म्हटलं, देवी म्हटलं, की तिला मखरात बसवता येतं. मग हार घाला, आरती करा. बाई, तू काम काय केलंस, किती केलंस, ते कसं निभावलंस, हे विचारायची गरजच उरत नाही! घरच्या ‘अन्नपूर्णे’चं तरी दुसरं काय होतं?

म्हणून आज त्यांच्या कामाबद्दलच बोलूया.

ज्या वर्षी त्या जन्मल्या त्याच वर्षी, १९४७ मध्ये, पहिला सिंहली बोलपट प्रदर्शित झाला. तोही दक्षिण भारतातल्या स्टुडिओत तयार झालेला. पुढे कित्येक वर्षं तिथले सिनेमे आपल्या हिंदी आणि तमिळ सिनेमांच्याच वळणावर गेले. गाणी, मारामारी, रडारड सगळं तेच. लेस्टर जेम्स पीरिस या दिग्दर्शकाने १९५६ साली ‘रेखावा’ काढला, तेव्हा कुठे सिंहली खेडं जसं होतं तसं पडद्यावर दिसलं. मालिनीबाई आधी नाटकात आल्या, मग १९६८ मध्ये ‘पुंचि बबा’ या चित्रपटातून सिनेमात. त्यानंतर त्यांनी शंभराहून कितीतरी जास्त चित्रपट केले. गल्लाभरू चित्रपटांत नाचल्या आणि पीरिस, धर्मसेन पथिराज यांच्यासारख्यांच्या चित्रपटांतही तितक्याच मन लावून उभ्या राहिल्या. एकाला हलकं, दुसऱ्याला भारी असं त्यांनी केलं नाही.

त्यांचा १९७२ चा ‘निधानय’ बघा. नावाचा अर्थ सांगायलाच नको. निधान म्हणजे ठेवा, पुरलेलं धन. एका बुडत्या घराण्यातला माणूस. त्याला कळलेलं असतं, की मानेवर विशिष्ट खुणा असलेल्या कुमारिकेचा बळी दिला तर गुप्तधन हाती लागेल. अशी मुलगी त्याला भेटते, तो तिच्याशी लग्न करतो. ती बिचारी खरोखरीचा संसार मांडते, नवऱ्यावर जीव लावते. त्यालाही तिचा लळा लागतो, आणि तरीही तो तिला मारतो. आयरीन नावाच्या या बायकोचं काम मालिनीबाईंनी केलं. आक्रस्ताळेपणा नाही, की डोळ्यांत सतत पाणी नाही. तिचा तो भाबडा विश्वासच बघणाऱ्याला असह्य होतो. १९९७ साली सिंहली सिनेमाच्या पहिल्या पन्नास वर्षांतला सर्वोत्तम चित्रपट म्हणून ‘निधानय’चीच निवड झाली.

आपल्याला ही गोष्ट परकी वाटू नये. गुप्तधनाच्या नादाने माणसाचा बळी देण्याच्या बातम्या आपणही वाचल्या आहेत. महाराष्ट्राला २०१३ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. आणि बळी काय फक्त कोयत्यानेच दिला जातो? ‘लक्ष्मीच्या पावलांनी आली’ म्हणून मुलीला घरात घ्यायचं आणि मग लक्ष्मी माहेरून किती आली ते मोजत बसायचं, हे वेगळं आहे का? सामाजिक काम करताना अशा मुली समोर येऊन बसतात. त्यांचाही विश्वास आयरीनसारखाच असतो.

पुढे ‘बंबरू अवित्’ (१९७८) मध्ये त्या कोळ्यांच्या वस्तीतली मुलगी झाल्या, ‘बेद्देगम’ (१९८०) मध्ये रानातल्या गावात उपासमारीशी झगडणारी पुंचि मेनिका. १९७८ मध्येच ‘पायलट प्रेमनाथ’ या तमिळ चित्रपटात त्या शिवाजी गणेशन यांच्यासोबत होत्या. आपल्या शिवाजी महाराजांची भूमिका नाटकात गाजवली म्हणून ज्यांना शिवाजी हे नाव मिळालं, तेच हे गणेशन.

आता कळीचा प्रश्न. नायिकेचं वय वाढलं की काय? नायक पन्नाशीतही कॉलेजात जातो, पण त्याच्याबरोबरची नायिका तिशी ओलांडली की वहिनी होते, पस्तिशीनंतर आई. हे फक्त सिनेमातच असतं असं नाही. ‘आता या वयात कशाला?’ हे वाक्य आपल्या गावात किती बायकांनी ऐकलं असेल! आणि खरं सांगायचं तर ते म्हणणाऱ्यांत बायकाच जास्त असतात.

मालिनीबाईंनी या प्रश्नाला उत्तर दिलं ते कामानेच. कुणी चांगली भूमिका घेऊन येईल म्हणून वाट बघत बसल्या नाहीत. १९८४ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्यांनी ‘ससर चेतना’ हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला. मग ‘अहिंसा’ (१९८७) आणि ‘स्त्री’ (१९९१). श्रीलंकेत टीव्ही नवा नवा होता, तेव्हा ‘निरुपमाला’ ही मालिकाही त्यांनी दिग्दर्शित केली. टीव्ही मालिकेचं दिग्दर्शन करणारी तिथली पहिली बाई म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांच्या आधी सुमित्रा पीरिस यांनी १९७८ मध्ये ‘गेहेनु लमाय’ करून वाट पाडली होती, हेही विसरायला नको. एक बाई पुढे गेली की मागची थोडी तरी निर्धास्त चालते.

साठी ओलांडल्यावर त्यांनी केलेला ‘आकास कुसुम’ (२००८) मला सगळ्यात धाडसी वाटतो. प्रसन्न वितानगे यांचा हा चित्रपट. त्यात त्या झाल्या संध्या राणी, म्हणजे एके काळची गाजलेली, आता विस्मृतीत गेलेली नटी. पोटासाठी ती घरातली खोली नव्या तारे-तारकांना चोरून भेटण्यासाठी भाड्याने देते. ज्या मुलीला तिने मागे टाकलं, ती मुलगीही एक दिवस समोर येते. ज्या नटीला सगळा देश राणी म्हणतो, तिने पडद्यावर अशी विझलेली ‘राणी’ व्हायचं! सुरकुत्या लपवल्या नाहीत, लाचारी लपवली नाही. पुढे २०१० मध्ये सीएनएनने आशियातल्या आजवरच्या पंचवीस श्रेष्ठ कलावंतांची यादी केली, त्यात मालिनीबाई होत्या. त्याच वर्षी त्या तिथल्या संसदेत नियुक्त सदस्य म्हणून गेल्या आणि २०१५ पर्यंत होत्या. ज्या देशाने १९६० मध्ये जगाला पहिली महिला पंतप्रधान दिली, त्या देशाच्या २२५ जणांच्या संसदेत तेव्हा बायका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. म्हणजे बघा, एका बाईला सिंहासनावर बसवलं म्हणून बाकीच्यांना बाकावर जागा मिळते असं नाही.

म्हणून म्हणते, बाईचं कौतुक करताना पदवी कमी द्या आणि तिच्या कामाचा हिशेब नीट मांडा. आपल्या गणेशोत्सवात, महिला मंडळाच्या संमेलनात नाटक बसतं तेव्हा मुख्य भूमिका विशीतल्या मुलीला आणि चाळिशीतल्या बाईला पडद्यामागे चहा-फराळ, हे या वर्षी तरी बदलूया. जिला कधी काळी शाळेत बक्षीस मिळालं होतं आणि लग्नानंतर जिने ते सोडलं, अशी एक तरी बाई प्रत्येक गल्लीत असते. तिला बोलवा. नाटक बसवायचंच तिच्या हाती द्या. आणि प्रयोग झाल्यावर तिला ‘या वयात छान केलंस हो’ असं म्हणू नका. नुसतं ‘छान केलंस’ म्हणा.