आमचं ‘ओरिजिनल’ही नक्कलच होतं

मध्यंतरी आईचा पुण्याहून फोन आला. सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे, माळा रिकामा करायचाय. "अरे, तुम्हा दोघा भावांचा तो व्हिडीओ गेम सापडलाय. भंगारवाल्याला देऊ का?" मी पटकन म्हणालो, "नको, थांब." फोन ठेवल्यावर विचार आला, नको का म्हणालो?

कारण तेच गेम आज माझ्या फोनवर आहेत. इम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर. ॲपलने एप्रिल २०२४ मध्ये ॲप स्टोअरवर त्याला परवानगी दिली. सकाळी एमआरटीत उभ्या उभ्या मारिओ खेळता येतो.

माझ्या इथल्या एका मित्राला मात्र हे मुळीच मान्य नाही. त्याने जपानहून जुना निन्टेंडो फॅमिकॉम मागवलाय. जपानची वीज १०० व्होल्टची, सिंगापूरची २३० ची, म्हणून सोबत ट्रान्सफॉर्मरही घेतला. त्याचं म्हणणं, खरं यंत्र नसेल तर खेळूच नये.

त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. ‘डक हंट’मधली बदकं मारायची बंदूक आठवते ना? चाप ओढला की क्षणभर पडदा काळा होऊन बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा आणि बंदुकीतला सेन्सर तो प्रकाश टिपायचा. हे सगळं जुन्या डब्बा टीव्हीच्या वेगावर बेतलेलं होतं. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटतं, त्यामुळे ती बंदूक चालतच नाही.

पण आपल्याकडे ‘ओरिजिनल’ होतं तरी काय? नव्वदच्या दशकात बाबांनी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणलेलं आमचं यंत्र म्हणजे फॅमिकॉमची बिनपरवाना नक्कल. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ लिहिलेलं, आत तेच वीस-पंचवीस गेम नावं बदलून फिरायचे. आपल्यापैकी बहुतेकांचं बालपण अशा डुप्लिकेटवरच गेलं. मग आता इम्युलेटरला नक्कल म्हणून नाक मुरडायचा आपल्याला काय अधिकार?

शिवाय यंत्रं कायमची टिकत नाहीत. कपॅसिटर फुगतात, कॅसेटच्या पिना गंजतात. (आपण त्यात फुंकर मारायचो, तीही त्यांना बाधायचीच!) व्हिडीओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. ते इम्युलेटरशिवाय टिकणार कसे? जे विकत मिळतं ते जरूर विकत घ्यावं, फुकट उतरवू नये. पण जे कुणी विकतच नाही, ते जपण्याची कायदेशीर मुभा निदान ग्रंथालयांना आणि संग्रहालयांना असायला हवी.

मग माझ्या तोंडून ‘नको’ का निघालं? कारण ‘कॉन्ट्रा’. धबधब्याच्या टप्प्यात एकाने घाईने वर उड्या मारल्या की मागे राहिलेला दुसरा पडद्याखाली जाऊन मरायचा. दादा नेहमी पुढे पळायचा आणि मी रडत आईकडे जायचो. एमआरटीत एकट्याने खेळताना हेच नसतं. चुकतं ते इम्युलेटरचं नाही, माझं.

दादा आता न्यू जर्सीला असतो. उन्हाळ्यात आमच्यात बरोबर बारा तासांचा फरक पडतो. इम्युलेटरवर इंटरनेटवरून दोघांना एकत्र खेळता येतं. गेल्या रविवारी सकाळी, म्हणजे त्याच्या शनिवारी रात्री, आम्ही खेळलो. कितीतरी महिन्यांनी तासभर बोललो. धबधब्यात तो परत पुढे पळाला!

संध्याकाळी आईला फोन केला. म्हटलं, "यंत्र ई-कचऱ्यात देऊन टाक. दोन्ही रिमोट तेवढे ठेव."