मातीच्या खात्यातील शिल्लक

माघ सरता सरता श्रीरामपूरच्या शिवारातून, प्रवरेच्या डाव्या कालव्याच्या कडेने, दिवेलागणीस जाणाऱ्याला जे दृश्य हटकून दिसते, ते मलाही गेल्या सप्ताहात दिसले. उसाची शेवटची गाडी बांधाबाहेर पडली होती, टोळीच्या बायकांनी वाढ्यांच्या मोळ्या बांधून नेल्या होत्या आणि उघड्या रानात ढोपरभर साचलेल्या पाचटाला एका कोपऱ्यातून काडी लावून मालक हातात फोक घेऊन बांधावर उभा होता. पाहता पाहता एकराचे पाचट बसले. "पाचटात दारं धरता येत नाहीत, अन् पाटाचं पाणी परवा सुटतंय," एवढेच तो म्हणाला. आणि त्याचे म्हणणे खोटे नव्हते. खोडवा धरायचा तर बुडखे लवकर मोकळे झाले पाहिजेत, मजूर मिळत नाही आणि हुकलेली पाळी परत मागता येत नाही. त्याच्या अज्ञानाला बोल लावून या प्रश्नातून सुटता येईल, असे मला वाटत नाही.

तथापि त्या आगीत काय गेले, याचा हिशेब एकदा मांडून पाहणे अगत्याचे आहे. एकरभर काळ्या जमिनीचा वरचा पंधरा सेंटिमीटरांचा थर सुमारे आठ लाख किलो भरतो. त्यात सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का धरला, तर चार हजार किलो कर्ब झाला, आणि मातीत कर्ब व नत्र साधारणपणे दहा-बारास एक या प्रमाणात नांदत असल्यामुळे त्याच थरात साडेतीनशे ते चारशे किलो नत्रही साठलेले असते. पंचेचाळीस किलोंच्या युरियाच्या गोणीत नत्र वीस-एकवीस किलोच असते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही मातीची गंगाजळी सतरा ते एकोणीस गोण्यांच्या तोलाची आहे हे कळते; आणि तिचे वैशिष्ट्य असे की ती पाण्याबरोबर वाहून जात नाही, कर्बाच्या बंधनात राहते आणि जिवाणूंच्या हातून पिकाला थोडीथोडी पोचते. प्रत्येक नांगरटीत, रोटाव्हेटरच्या प्रत्येक फेऱ्यात ढेकळांच्या पोटात दडलेला कर्ब हवेला उघडा पडून जळत असतो. आपल्या उन्हात तर अधिकच त्वरेने. उलट पक्षी, एकरी तीन-चार टन पाचटात दीड हजार किलोंच्या आसपास कर्ब असतो. काडी लावल्यावर तो कर्ब व त्याच्यासंगे असलेले नत्र, दोन्ही धुराच्या वाटेने जातात. पालाश बव्हंशी राखेत उरतो, पण राखेला वारा पुरतो.

मग पाचट तसेच ठेवले की काम झाले, असेही नाही, आणि अनेकांचा अनुभव कडू झाला तो येथेच. पाचटात नत्राच्या शंभरपट कर्ब असतो. ते कुजविणाऱ्या जिवाणूंना स्वतःचे शरीर उभारण्यास जे नत्र लागते, ते पाचटात न मिळाल्यामुळे ते मातीतून उचलतात, आणि खोडवा पिवळा पडलेला पाहून शेतकरी पुन्हा काडीकडे वळतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस याच कारणासाठी आहे: टनभर पाचटाला आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजविणारे जिवाणू. हा युरिया उसाला नव्हे, जिवाणूंना दिलेला आहे, आणि तो उसनवार आहे. पाचट कुजले की त्यातला बराचसा मातीच्या खात्यात परत जमा होतो. असे राखलेले एक रान मी मागच्या आषाढात पाहिले होते. सरीतला काळपट थर उचलला तर खाली पांढऱ्या बुरशीचे सुतासारखे धागे पसरलेले, माती मुठीत घेतली तर गार आणि रवाळ, आणि शेजारच्या जळलेल्या रानाला भेगा पडलेल्या असता येथे वाफसा टिकलेला होता.

हे शास्त्र परक्याचे नाही, ही गोष्ट मला वारंवार आठवते. ज्या अहिल्याबाईंच्या नावाने आज आपला जिल्हा ओळखला जातो, त्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. आणि त्यांच्या होळकर घराण्याच्या इंदूर संस्थानानेच दिलेल्या जमिनीवर १९२४ साली स्थापन झालेल्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण आणि गोमूत्राने भिजलेली माती यांचे थर घालून खत करण्याची पद्धत शास्त्रशुद्ध केली. त्या दोघांचा ग्रंथ १९३१ साली निघाला. हॉवर्डचे नाव जगभर झाले. वाडांचे नाव आपल्याकडेही फारसे कोणी घेत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. कर्बाला नत्राची जोड दिल्याविना खत होत नाही, हे तत्त्व त्यांनी उकिरड्यावर सिद्ध केले, तेच पाचटाला लागू आहे. इंग्लंडात रॉथॅमस्टेड येथे १८४३ पासून एकाच शेतावर चाललेल्या प्रयोगात दरसाल शेणखत मिळणाऱ्या तुकड्यातील कर्ब केवळ रासायनिक खतावरच्या तुकड्यांच्या दुपटीहून अधिक झाला आहे. परंतु त्याला पिढ्या लागल्या, आणि आपल्या हवामानात साठा होण्याचा वेग कमी, उडण्याचा अधिक.

जिरायत भागाची कथा वेगळी आहे. पाथर्डी-पारनेरच्या मुरमाड, उथळ जमिनींत जाळायला पाचटच नाही. तेथे धनगरांची मेंढरे रानात बसवण्याचा, ज्वारीत तुरीचे पाटे टाकण्याचा रिवाज हाच कर्बाचा आणि नत्राचा भरणा होता, आणि गोठे रिते होत चालल्यावर तो रिवाज राखणे अधिकच निकडीचे झाले आहे. त्याविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

बागाइताकडे मात्र एक साधन असे आहे, जे जिरायतीकडे नाही, ते म्हणजे साखर कारखाना. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि १९५०-५१ च्या हंगामात विठ्ठलराव विखे व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी कारखान्याचे पहिले गाळप झाले, तेव्हापासून लागणीच्या नोंदीपासून तोडणीच्या टोळीपर्यंत उसाचा सगळा कारभार आपल्याकडे कारखान्याच्या दफ्तरी चालत आला आहे. उभा ऊस जळाला, तर साखरेचा उतारा घटतो म्हणून बहुतेक ठिकाणी जळीत उसाच्या दरात कपात होते. म्हणजे तोडणीपूर्वीच्या आगीची नोंद आहे; गाडी गेल्यावर लागणाऱ्या आगीची मात्र कोणत्याच रजिस्टरात नाही, सातबाऱ्यावर तर नाहीच. माझे म्हणणे एवढेच आहे की जो कारखाना टोळी पाठवतो, त्यानेच टोळीमागोमाग आठ दिवसांच्या आत कुट्टीयंत्र आणि शिफारशीप्रमाणे युरिया, सुपर फॉस्फेट व जिवाणू रानावर पोचवावेत, त्याचा खर्च उसाच्या बिलातून हप्त्याने वळता करावा, आणि ज्याने पाचट राखले त्याच्या खोडव्याला तोडीच्या क्रमात अग्रहक्क द्यावा. यांपैकी काही गोष्टी काही कारखाने तुटकपणे करतातही. परंतु नियम म्हणून, करारात लिहून, सर्व सभासदांसाठी हे झाले पाहिजे. कपातीची भाषा येथे नको. त्या दिवशी बांधावर उभ्या असलेल्या माणसाला दंडापेक्षा यंत्र वेळेवर मिळण्याची गरज होती.

कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबराच्या सुमारास भरतात, आणि विषयपत्रिका तत्पूर्वी छापली जाते. ज्या सभासदांना हे पटत असेल त्यांनी पाचटाचा विषय आपापल्या कारखान्याच्या कार्यालयात आतापासून लेखी दाखल करावा, आणि पोच घेण्यास विसरू नये.