दंड भरा, नदी मारा?

2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. घोटाघोटाची किंमत जाणणाऱ्या या मुलखात मांजरा आणि गोदावरी या नद्यांत कारखान्यांचे सांडपाणी सोडणे आजही फायद्याचा धंदा ठरतो, याचा आम्ही कडाडून निषेध करतो!

फायद्याचा कसा, ते पाहा. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने 1968 साली गुन्ह्याचे गणित मांडले. गुन्हेगार नुसती शिक्षा पाहत नाही. आपण सापडण्याची शक्यता किती, त्या आकड्याने तो शिक्षेला गुणतो. अंधारातल्या भुरट्या चोरापेक्षा ताळेबंद ठेवणाऱ्या कारखानदाराला हे गणित जास्त लागू पडते. 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती. 2023 च्या जनविश्वास कायद्याने ती काढून 10 हजार ते 15 लाखांचा दंड आणला. तुरुंग उरला तो दंड बुडवणाऱ्यापुरता. शंभरात एकदाच सापडण्याची धास्ती असेल, तर 15 लाखांचा धाक 15 हजारांवर येतो. शुद्धीकरण यंत्रणेचे वीजबिल त्याहून जड झाले, की ती यंत्रणा रात्री बंद राहणार!

साखर कारखान्यांचेच घ्या. मळीपासून एक लिटर मद्यार्क काढताना आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे आसवनीचे सांडपाणी, मागे उरतो. त्याचा बीओडी, म्हणजे पाण्यातला प्राणवायू खाणाऱ्या घाणीचे माप, लिटरमागे 40 हजार मिलिग्रॅमच्या घरात. आंघोळीच्या नदीला मर्यादा फक्त 3 मिलिग्रॅमची. हा स्पेंटवॉश ओढ्यात शिरला की आधी मासे उताणे होतात, मग काठच्या विहिरीचे पाणी लालसर पडते, गुरे तोंड लावत नाहीत. शेतकरी पंचनाम्यासाठी तहसीलचे हेलपाटे घालतो. रान त्याचे नासले आणि पुरावाही त्यानेच गोळा करायचा, हा कुठला न्याय?

अर्थशास्त्राचा अभ्यास इथे काय करू शकतो, हे गुजरातेत दिसले. तिथे कारखान्याचे प्रदूषण तपासणारा लेखापरीक्षक कारखानाच नेमी आणि पैसेही तोच देई. साहजिकच अहवालातले आकडे मर्यादेच्या जरा खाली येऊन थांबत. एस्थर ड्यूफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी प्रयोग म्हणून परीक्षक चिठ्ठी टाकून नेमले, मोबदला सामाईक निधीतून दिला, फेरतपासणी ठेवली. खोट्या अहवालांचे प्रमाण कोसळले आणि प्रदूषणही घटले. 2013 मध्ये त्यांचा निबंध छापून आला.

गुजरातेत हे झाले, मग नांदेडचे काय? निजामाच्या सत्तेला भिडलेल्या स्वामी रामानंद तीर्थांचे नाव लावणारे विद्यापीठ 1994 पासून गोदाकाठी, विष्णुपुरीत उभे आहे. लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. या विद्यापीठातल्या अर्थशास्त्राच्या संशोधकाने कारखान्यांच्या प्रदूषणाचा हा विषय आयुष्यभरासाठी घ्यावा, असे आमचे आवाहन आहे. त्याची अडचणही आम्ही जाणतो. आपल्याकडे साखर कारखाना आणि महाविद्यालय पुष्कळदा एकाच घराण्याच्या हाती असते. अध्यक्षांच्या धुराड्याचा हिशेब मांडणाऱ्या प्राध्यापकाच्या नोकरीची हमी कोण देणार? ती विद्यापीठाने द्यावी, आणि लेखी द्यावी!

प्रदूषण नियंत्रण मंडळानेही दडवादडवी करू नये. दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत कारखान्यांनी भरायची पर्यावरण विवरणपत्रे, पाण्याच्या नमुन्यांचे मूळ आकडे, बजावलेल्या नोटिसा, जप्त झालेल्या बँक हमी: नांदेड आणि लातूर जिल्ह्यांची ही सारी दप्तरे येत्या गाळप हंगामाच्या बॉयलर अग्निप्रदीपनाआधी अभ्यासकांसाठी खुली झालीच पाहिजेत!