वेंगुर्ला रॉक्सवर उतरू नका राव

नागपूरकराचा समुद्र म्हणजे अंबाझरी. त्यामुळे मार्चअखेर सुट्टी जोडून ऑफिसातले आम्ही चौघं कोकणात गेलो, तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतंच. वेंगुर्ल्यासमोर भर समुद्रात काळ्या खडकांचा पुंजका आहे, वेंगुर्ला रॉक्स. वर दीपगृह. होडीवाले काका म्हणाले, "उतरता काय? फोटो बरे येतत." उतरलो.

एका गुहेच्या तोंडाशी मी मोबाईलचा टॉर्च मारला मात्र, आतून शेकडो पाकोळ्या भर्रकन बाहेर! आम्ही ओरडलो, हसलो, व्हिडिओ काढला. काय घोळ घातला ते घरी येऊन वाचल्यावर कळलं.

ह्या पाकोळ्या लाळेनं घरटं बांधतात, भिंतीला चिकटवून. मिट्ट काळोखात टिकटिक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात. म्हणजे आपलं सोनारच की! चिनी सूपसाठी ह्या घरट्यांना बाहेर भाव आहे, आणि २००१ च्या सुमारास इथली चोरी उघडकीस आली, तेव्हा पक्षीअभ्यासकांनी पहारा बसवला. सुरय पक्षी तर घरट्याच्या भानगडीतही पडत नाहीत, उघड्या खडकावरच अंडी घालतात. माणूस दिसला की आई उडते, अंडं उन्हात. हुमायून अब्दुलालींनी १९४२ साली बीएनएचएसच्या जर्नलमध्ये इथल्या सुरय आणि पाकोळ्यांवर लेख लिहिला होता. म्हणजे ही जागा काही आज सापडलेली नाही.

आता २०२४ साली निवृत्त झालेली आयएनएस गुलदार निवती रॉकजवळ बुडवून पाण्याखालचं पर्यटन करायचं सरकारनं ठरवलंय. माझा त्याला विरोध नाही. कोकणात पैसा यायलाच हवा, आणि ज्ञान पाजळणारा मी कोण, आठशे किलोमीटरवरून आलेला टुरिस्ट! पण होड्या वाढणार, आणि प्रत्येक होडीत माझ्यासारखा एक टॉर्चवाला असणार. त्यामुळे विणीच्या दिवसांत खडकावर पाय ठेवायला सरळ बंदी हवी. होडीतून फेरी मारा, दुर्बीण भाड्यानं द्या, काकांचे पैसे तेवढेच राहतील. जेट्टीवर मराठीत मोठी पाटी लावा. आम्हाला अशी एकही पाटी दिसली नाही. असती तर थांबलो असतो का? चौघांपैकी दोघं तरी नक्की.

व्हिडिओ अजून मोबाईलमध्ये आहे. ग्रुपवर तिघांनी लोकेशन मागितलं. मी हा लेख पाठवला.